श्वास कोणी मागत नाही

मला भेटायला येणारा प्रत्येक माणूस पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य बोलतोच: "याला जरा बसवा रे, बसला की बरं वाटेल." अठरा वर्षं ऐकतोय. मी बसलो की त्यांना बरं वाटतं, हे खरं आहे. मला आडवं असताना श्वास बरा येतो.

हे उलटं कसं, ते एकदाच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मान मोडली की फासळ्यांमधले स्नायू जातात, पोटाचे जातात. उरतो तो छाती आणि पोट यांच्या मधला एक पडदा. तेवढ्या एकट्याच्या जिवावर मी जगतो. आडवा असलो की पोटातलं सगळं त्या पडद्याला खालून टेकू देतं आणि तो नीट काम करतो. बसवलं की पोट पुढे ओघळतं, पडद्याचा टेकू जातो, आणि श्वास अर्ध्यावर येतो. म्हणून बसवताना माझ्या पोटाला वीतभर रुंद पट्टा आवळतात, वेल्क्रोचा. पट्टा आवळला की श्वास येतो. पण पट्टा जास्त आवळला की पोटातलं आंबट पाणी वर चढतं, आणि जेवणानंतर आडवं केलं तर ते आपसूकच चढतं. श्वासाला आडवं हवं, पोटाला उभं हवं, आणि मी एकच आहे.

हे मी बोलून लिहितोय. खांदे आणि कोपर थोडे हलतात, बोटं नाहीत. पूर्वी अंधेरीच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. आता त्याच कंपनीची माहितीपत्रकं घरून तपासतो, तीही संगणकाशी बोलून. माझ्याकडे विकण्यासारखी चीज एकच उरली आहे, आवाज. वाक्य लांबलं की दम संपतो, आणि जिथे संपतो तिथे मी पूर्णविराम देतो. त्यामुळे माझी वाक्यरचना फार संयमी आहे असं साहेब म्हणतात.

पडलो कसा, हेही सांगून टाकतो. तेव्हा आम्ही दहिसरच्या चाळीत राहत होतो. आता तिथेच टॉवर आहे आणि आम्ही सातव्या मजल्यावर आहोत. गणपतीला आठवडा होता. गावी जाताना न्यायचं मखर माळ्यावर होतं. ते काढायला मी स्टुलावर स्टूल ठेवून चढलो. शिडी शेजाऱ्यांकडे होती, ती मागायला जायचा कंटाळा केला. एवढीच ती गोष्ट आहे: आळस आणि दोन स्टुलं. पण आमच्या मालवणी घरात एवढ्याशा गोष्टीवर कुणाचं समाधान होत नाही. मी दवाखान्यात होतो तेव्हाच माझ्या काकांनी निकाल देऊन टाकला होता. "देवाच्या कामात पडलो, देवच उभो करतलो."

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. दोघेही गिरणीत फिटर होते. वडील गेल्यावर घरातलं वडीलपण काकांकडे आलं. ते दोन इमारती सोडून राहतात आणि दिवसातून एकदा येऊन मला बघून जातात. माझ्यासाठी गावचा गणपती दहिसरला आणला तोही त्यांनीच, भावकीशी भांडून. ते वाईट आहेत असं मला म्हणता आलं असतं तर लिहिणं सोपं झालं असतं.

आमच्यात आरतीनंतर गाऱ्हाणं घालतात. घरातला कर्ता पुरुष देवासमोर हात जोडून उभा राहतो आणि घराला काय हवं ते मोठ्यानं, खणखणीत आवाजात मागतो. प्रत्येक मागणीला बाकीच्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. कुणाच्या परीक्षा, कुणाचं लग्न, कुणाची बदली, सगळं त्यात येतं. माझ्या वाट्याला अठरा वर्षं एकच वाक्य आहे. "बा देवा म्हाराजा, तुझ्या सेवेत पडलेल्या ह्या लेकराक पायार उभो कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणतात. पहिली काही वर्षं मीही म्हणायचो.

दोन वर्षांपूर्वी मला खोकला सुरू झाला. मला खोकला होणं हीच मुळात एक चेष्टा आहे, कारण मला खोकता येत नाही. खोकायला पोटाचा जोर लागतो. माझ्या घशात काही अडकलं की बायको दोन्ही तळहात माझ्या फासळ्यांखाली ठेवते, मी "हं" म्हणतो, आणि ती वर दाबते. तिच्या हातांनी मी खोकतो. हे आम्ही दोघांनी शिकून घेतलंय आणि त्यात आमची लय बसली आहे. पण आता ती लय दिवसातून पंधरा-वीस वेळा लागायला लागली. सकाळी उठल्यावर तोंड आंबट, आवाज घोगरा. इतका घोगरा, की संगणक मला ओळखेना. काम परत परत करावं लागे. जेवल्यावर तासाभरात दम लागायचा, आणि मान, कपाळ, कानशिलं घामाने भिजायची. गंमत म्हणजे बाकीचं अंग कोरडं ठणठणीत.

घराजवळच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि दमा म्हणाले. पंप दिला. तो दाबायला बोटं लागतात हे त्यांच्या लक्षात आलं नाही, माझ्याही आलं नाही, घरी आल्यावर आलं. दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "छातीत जळजळ होते का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग ॲसिडिटी नाही. टेन्शन घेता का फार?"

छातीत काय होतंय ते कळायला छाती कळावी लागते. माझं शरीर मला खांद्याच्या थोडं खालपर्यंतच कळतं, त्याच्या पुढे धूसर, आणि मग काहीच नाही. आत निखारा ठेवला तरी मला फार तर कपाळावर घाम येईल. पण डॉक्टरांच्या फॉर्मवर जळजळ हो की नाही एवढंच होतं, आणि मी प्रामाणिकपणे नाही म्हणालो. टेन्शनच्या गोळ्यांनी मी झोपाळू झालो आणि जास्त वेळ आडवा राहिलो. जास्त आडवा राहिलो तसा खोकला वाढला.

आईचं निदान मात्र पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. "पित्त झालाहा त्येका," ती म्हणाली. आईला शाळा चार इयत्तांची, पण निदानात तिने दोन डॉक्टरांना मागे टाकलं. उपचारात मात्र वाट लावली. पित्तावर आमच्याकडे सोलकढी. दुपारी वाटीभर, संध्याकाळी वाटीभर, आणि पोट भरलेलं असलं तरी वर थोडी. तिच्या हिशेबाने मी बरा आहे की नाही हे मी किती खातो त्यावर ठरतं. "खा रे मेल्या दोन घास. पोटात काय नाय तर उभो कसो रवतलस?" म्हणजे जेवण्यामागेही पायच.

शेवटी मुलुंडच्या एका बाईंकडे गेलो. मणक्याच्या रुग्णांचंच काम करणाऱ्या डॉक्टर. दहिसरहून व्हीलचेअरची गाडी करून जायचं, पवईच्या तलावापाशी तासभर अडकायचं, तरी गेलो. त्यांनी जळजळीचं काही विचारलंच नाही. म्हणाल्या, "जेवता किती वाजता? आडवे किती वाजता होता? पट्टा जेवायच्या आधी बांधता की नंतर? उशा किती घेता?"

जेवतो साडेआठला, कारण बायको अंधेरीच्या ऑफिसातून आठला येते. आडवा होतो साडेनऊला, कारण तिलाही आडवं व्हायचं असतं. पट्टा जेवताना आवळलेला, कारण नाहीतर मी पुढे घसरतो. उशा तीन.

त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग कागदावर पोटाचं चित्र काढून बायकोला दाखवलं. उशा तीन घेतल्या की मी पोटात दुमडला जातो, नळी पिळल्यासारखं होतं, आणि सगळं वर. ते पाणी वर येतं, घशातून श्वासनलिकेत उतरतं, आणि मला खोकता येत नाही म्हणून तिथेच राहतं. फुप्फुसं आतून पोळत होती. दमा नाही, टेन्शन नाही.

"उशा काढा आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवा," त्या म्हणाल्या. "रात्रीचं जेवण साडेसहाला, थोडंसंच. नंतर तीन तास आडवं व्हायचं नाही. जेवताना पट्टा सैल. चहा बंद, आंबट बंद. ही गोळी सकाळी उपाशीपोटी." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे पथ्य नाही, हे तुमचं आयुष्य आहे. एकदा न्यूमोनिया झाला तर तुमच्याकडे सावरायला फार काही नाही."

परतताना बायको पवईपर्यंत ते चित्र हातात धरून बसली होती. नंतर म्हणाली, "म्हणजे मी भरवत होते तेच तुझ्या छातीत जात होतं."

"असं नाही म्हणाल्या त्या."

"तेच म्हणाल्या. चित्र काढून म्हणाल्या."

आमच्या लग्नाला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती, त्यातली दोन मी चालत असतानाची. सकाळी ती सातला बाहेर पडते, दिवसभर आई आणि कामाला येणारी एक मावशी माझं बघतात. साडेआठचं जेवण हाच आमचा दोघांचा वेळ. ती एक घास स्वतः खायची, एक मला द्यायची, मध्ये ऑफिसातल्या बॉसला शिव्या घालायची. आता मी साडेसहाला आईच्या हातून मऊ भात आणि वरण खाऊन मोकळा व्हायचो. ती आली की माझ्यासमोर ताट घेऊन एकटी जेवायची. पहिल्या दिवशी तिने मासे केले होते. वास आला. दुसऱ्या दिवसापासून ती स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्याने जेवायला लागली. "तुझ्यासमोर कसं खाऊ यार," एवढंच म्हणाली. मी तिला ये म्हटलं असतं तर ती आली असती. मी म्हटलं नाही. मला राग होता, आणि तो कुणावर काढावा हे न कळल्यामुळे तिच्यावरच निघत होता.

विटा आल्या, पण आईने दोन दिवसांत काढून ठेवल्या. पाहुणे पलंगाच्या कडेला बसतात ते घसरतात, आणि घरात आजाऱ्याची खाट असल्यासारखं दिसतं, असं तिचं म्हणणं. मी अठरा वर्षं पलंगावर आहे, तरी आमच्या घरात आजाऱ्याची खाट नाही. गोळी ती सकाळी चहाबरोबर द्यायची, कारण उपाशीपोटी औषध कुणी देतं का. मी बोललो, चिडलो, पुन्हा बोललो. घोगऱ्या आवाजात चिडताही येत नाही धड. ऐकणाऱ्याला वाटतं विनवतोय.

तरीही अर्धंमुर्धं पथ्य चाललं आणि खोकला थोडा कमी झाला. मग गेल्या वर्षीचे गणपती आले.

गणपतीच्या महिनाभर आधी काकांनी एक लोखंडी चौकट करून आणली. दहिसरलाच फॅब्रिकेशनचं दुकान असलेल्या गिरणीतल्या जुन्या मित्राकडून, स्वतः उभं राहून करून घेतली. अशा चौकटी असतात. रुग्णाला पट्ट्यांनी बांधून हळूहळू उभं करतात, हाडांसाठी चांगलं म्हणतात. पण ते रिकाम्या पोटी आणि माहितगाराच्या देखरेखीखाली. काकांनी ते कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं. माझ्यातला ड्राफ्ट्समन सांगतो, काम झकास होतं. वेल्डिंग घासून गुळगुळीत, गुडघ्याला मऊ पॅड, पोटाला रुंद चामडी पट्टा, छातीला दुसरा. बुटांना टाचेमागे अडसर. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने हे माझ्यासाठी केलं होतं. मला नको म्हणवेना.

"ह्या वर्साक आरतीक उभो रवतलस तू," काका म्हणाले. आई देवासमोर जाऊन रडून आली.

पहिल्या दिवशी भटजींना दहा घरं करून यायचं होतं. पूजा आटोपून नैवेद्य दाखवायला अडीच वाजले. तोवर घरात कुणी खाल्लं नाही, म्हणून मीही नाही. मग वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, मोदक. मी डॉक्टरांचं नाव काढलं तेव्हा आई म्हणाली, "देवाच्या पाच दिवसांत पथ्य नसता." त्यानंतर दुपारभर माणसं येत राहिली आणि प्रत्येकाने प्रसादाचा मोदक माझ्या तोंडात घातला. ज्याचे हात चालत नाहीत त्याला नको म्हणायला तोंडच उरतं, आणि तोंडात मोदक असतो. बायको पाहुण्यांच्या चहात गुंतली होती. तिने दोनदा दारातून बघून "बस करा हं" म्हटलं. लोक हसले आणि अजून एक दिला.

सात वाजता मला चौकटीत उभं केलं. काका आणि दोन शेजारी. गुडघे बांधले, छाती बांधली, आणि पोटाचा पट्टा काकांनी फिटरच्या हाताने आवळला, बोल्ट आवळावा तसा. मी सरळ उभा होतो. घरातली माणसं मला सतरा वर्षांनी वरून दिसत होती. ट्यूबलाइट डोळ्यांच्या रेषेत होती. बायको समोर निरांजन घेऊन उभी होती आणि मला तिची भांगाची रेघ दिसली. ती पूर्ण पांढरी झाली होती. मला ते माहीत नव्हतं, कारण मी तिच्याकडे कायम खालून बघतो. एक क्षण मला खरंच वाटलं की यासाठी उभं राहायला हरकत नव्हती. हे मी नाकारणार नाही.

आरती सुरू झाली. दुसऱ्या कडव्याच्या सुमाराला तोंडात आंबट आलं. गिळलं. पुन्हा आलं, जास्त आलं, आणि चुकीच्या वाटेने गेलं. मी खोकायला तोंड उघडलं, पण खोकणारे हात निरांजन धरून उभे होते. आवाज फुटेना. पट्ट्याने पोट आत दाबलेलं, छातीच्या पट्ट्याने मी चौकटीला खिळलेला. झांजा वाजत होत्या. माझं तोंड उघडझाप होताना बघून सगळ्यांना वाटलं मी आरती म्हणतोय. आईने माझ्यावरून बोटं मोडली. काकांचे डोळे पाण्याने भरले होते आणि ते टाळ्या वाजवत माझ्याकडे बघत होते, आणि मी गुदमरत होतो.

बायकोला कळलं ते माझ्या ओठांच्या रंगावरून. तिने निरांजन खाली ठेवलं आणि ओरडली, "सोडा त्याला, आडवा करा." कुणी हललं नाही, आरती अर्धवट सोडायची कशी. तिने स्वतः बकलं सोडली. मी तिच्या अंगावर पडलो, आणि तिथेच फरशीवर, मखरासमोर, तिने मला कुशीवर वळवलं, तोंडातलं बोटांनी काढलं, मग फासळ्यांखाली तळहात ठेवून दाबलं. मोदकाचं सारण निघालं. पुन्हा दाबलं.

बोरिवलीच्या दवाखान्यात बावीस दिवस होतो. त्यातले नऊ दिवस घशात श्वासाची नळी होती, म्हणजे बोलणंही नाही. लोक काचेतून बघायचे. पुढे आवाज आला तोही निम्माच आला. कामाची पत्रकं निम्मी झाली. मुलुंडच्या डॉक्टरबाई फोनवर बोलल्या तेव्हा त्यांनी रागावायचंही सोडून दिलं होतं, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

घरी आल्यावर पुतण्याने फोनवर व्हिडिओ दाखवला. भावकीच्या ग्रुपवर कुणीतरी त्याच संध्याकाळी टाकला होता. झांजा, दिवे, आणि मधोमध मी चौकटीत उभा, तोंड उघडं. त्याखाली एकवीस जणांनी हात जोडले होते. "बाप्पाची कृपा." "अखेर उभा राहिला." दवाखान्यात नेल्याची बातमी त्याच ग्रुपवर दीड तासाने आली होती. तरी तो व्हिडिओ कुणी काढला नाही. अजून आहे. त्यात मी मरायला टेकलोय आणि ते आमच्या घराण्यातलं सर्वांत जास्त पाहिलेलं दृश्य आहे.

काकांनी माफी मागितली नाही. म्हणाले, "देवान वाचवलो." मी म्हणालो, "बायकोने वाचवलं." ते म्हणाले, "तिच्या हातात देव इलो."

आईशी मात्र मी एकदा नीट बोलायचं ठरवलं. दुपार होती, घरात दोघंच. ती माझ्या पलंगाशेजारी तांदूळ निवडत होती. विटा आता पक्क्या लागल्या होत्या, बायकोने पायांना तारेने बांधून टाकल्या होत्या. मी सावकाश, दम घेत घेत सांगितलं. आई, पाय येणार नाहीत. आले नाहीत तरी मी जगेन. पण श्वास गेला तर नाही. यंदा गाऱ्हाण्यात काकांना सांग, पाय मागू नका. श्वास मागा.

तिने सूप खाली ठेवलं. "श्वास चलताहा मा तुझो?" ती म्हणाली. "मगे? जां नाय तांच देवाकडे मागूक व्हया."

"तो पण जाईल, आई."

"तसा बोला नको." मग तांदळात बघत, "तुका उभो बघूनच माका जावचा हा."

तेव्हा मला ते कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं. माझी आई माझी सेवा अठरा वर्षं करते आहे, पण ती सेवा मी आज आहे त्या माणसाची नाही. तिने एक पाहुणा धरून ठेवलाय, जो उभा राहून घरात येणार आहे, आणि तो येईपर्यंत त्याच्या जागेवर पडलेल्या माणसाला ती खायला घालते. काकांचंही तेच. चौकट माझ्या मापाची होती, पण माझ्यासाठी नव्हती. त्यांना मी जिवंत हवा आहे, यात शंका नाही. पण असा नको. मी त्या दिवशी आईवर खूप चिडलो, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं, कारण तेवढंच मला फिरवता येतं.

त्या संध्याकाळी बायको आली तेव्हा मी तिला म्हटलं, "ताट इथे घेऊन बस. वास येऊ दे." ती बसली. बॉसला शिव्याही घातल्या. मला खाता येत नव्हतं, पण ऐकता येत होतं.

यंदाच्या गणपतीला मी व्हीलचेअरवर होतो. चौकट माळ्यावर टाकलेली नाही, बाल्कनीत उभी आहे, वर टॉवेल वाळतात. नैवेद्याला उशीर होणार म्हणून बायकोने मला अकरालाच थोडं भरवलं. आईने अडवलं नाही, पण त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. मोदक घेऊन येणाऱ्यांना बायको दारातच थांबवायची. "त्याचा माझ्याकडे द्या." तिने दुपारभरात किती मोदक खाल्ले कोण जाणे.

आरती झाली. काका पुढे झाले, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. घर शांत. एक भाची परीक्षेला बसली आहे, एका पुतण्याला नोकरी नाही, दोन्ही मागण्या झाल्या, दोन्हींना "व्हय म्हाराजा" झालं. मला बसून दीड तास झाला होता, पट्टा खाली सरकून पोटात रुतत होता, आणि तोंडात चव यायला लागली होती. मी बायकोकडे बघितलं. तिने माझ्या सदऱ्यात हात घातला आणि पट्ट्याचं वेल्क्रो खेचून सोडवलं. त्या शांततेत तो आवाज कापड फाटल्यासारखा आला. सगळ्या माना वळल्या. काका थांबले.

"तुमचं चालू द्या, काका," ती म्हणाली. तिचा हात आतच होता.

काकांनी घसा खाकरला. त्यांना पुढे काय मागायचं होतं ते घरातल्या भिंतींनाही माहीत होतं. पट्टा सैल होता, आंबट खाली गेलं होतं, आणि बायकोने तळहात फासळ्यांखाली टेकू म्हणून धरला होता. माझ्याकडे एका वाक्यापुरता श्वास होता.

"काका, पाय नको. श्वास मागा."

घोगरं होतं, पण स्पष्ट होतं. आईने ऐकलं, तिने पदर तोंडावर धरला. शेजारच्यांनी ऐकलं. काकांनीही ऐकलं, हे मला नक्की माहीत आहे, कारण "ह्या लेकराक पायार उभो कर" हे वाक्य त्यांनी नेहमीपेक्षा चढ्या आवाजात म्हटलं. आणि उत्तरही, आईसकट सगळ्यांनी, नेहमीपेक्षा मोठ्याने दिलं.